नागपूरचा बर्फ

बर्फ म्हटला की आम्हां नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे येतो तो रसवंतीवरचा. लाकडाच्या भुशात लोळवलेली, गोणपाटात गुंडाळलेली ती लादी, टोच्याने तिचे ढलपे काढणारा पोऱ्या, आणि पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेलेला असताना त्या ढलप्यांकडे आशेने पाहणारे आम्ही. यापलीकडे बर्फाशी आमचा घरोबा नाही. तो आकाशातून पडतो हे आम्ही शाळेत भूगोलात शिकतो, सिनेमात पाहतो आणि सोडून देतो. मीही २०२५ च्या जानेवारीपर्यंत या विषयाचा अधिक विचार केला नव्हता.

त्या महिन्याच्या २१ तारखेची गोष्ट. संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे घेऊन मी बसलो होतो, एवढ्यात ह्यूस्टनहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा फोन यायचा तो रविवारी. मंगळवारी आला म्हणून छातीत धस्स झाले. तर ही बाई फोनवर नुसती हसते आहे! "दादा, बर्फ! अरे, आमच्या अंगणात बर्फ! ताडाच्या झाडावर बर्फ!" आणि तिने फोन फिरवून मला सगळे दाखवले. तिकडे नुकतेच उजाडले होते. घरांची छपरे, मोटारी, रस्ता, कुंपण, सारे पांढरेशुभ्र. तिची दोन्ही मुले स्वयंपाकघरातली परात घेऊन उतारावरून घसरत होती. ती परात आमच्या आईची. नागपूरहून जाताना बहिणीने सामानात हट्टाने कोंबली होती. कणीक मळण्यापलीकडे तिचा असा उपयोग होईल असे आईला कधी वाटले नसेल.

ज्यांना ह्यूस्टन ठाऊक नाही त्यांना या हसण्याचे कारण कळायचे नाही. अमेरिका म्हटली की आपण बर्फ गृहीत धरतो. परंतु हे शहर अक्षांशाने पाहिले तर आपल्या दिल्लीच्या शेजारचे, आणि मेक्सिकोचे आखात तिथून तासाभराच्या मोटारीच्या वाटेवर. उन्हाळ्यात अंगाला चिकटणारी, दमट, मुंबईची आठवण करून देणारी हवा. अंगणात जास्वंद, लिंबू, कढीलिंब. बहीण तिथे गेली त्या वर्षी नाताळात घरी पंखा चालू होता, असे तिनेच सांगितले होते. अशा ठिकाणी त्या रात्री दोन-चार इंच बर्फ पडला. त्याच वादळात न्यू ऑर्लीन्सला सुमारे आठ इंच पडला. फ्लॉरिडाच्या वायव्य टोकाला मिल्टन गावाजवळ जवळजवळ दहा इंच मोजला गेला. त्या राज्याचा आधीचा उच्चांक १९५४ सालचा, याच गावचा आणि अवघ्या चार इंचांचा होता. लुइझियानाच्या किनाऱ्याला हवामान खात्याने हिमवादळाचा इशारा दिला. तसा इशारा त्या भागाला पूर्वी कधीच मिळालेला नव्हता. ह्यूस्टनचे दोन्ही विमानतळ बंद, शाळा बंद, मोठमोठे रस्ते बंद. सिमल्याच्या माणसाने एवढ्या बर्फाची दखलही घेतली नसती. पण ज्या गावाकडे बर्फ ओढायची यंत्रे नाहीत आणि ज्याच्या नळांना गोठण्याची सवय नाही, त्या गावाला तीन इंचही पुष्कळ होतात. पावसाची सवय नसलेल्या मारवाडात दोन तास मुसळधार पडला तर जे होईल तेच हे.

फोन ठेवला आणि मनात आले, हे आपल्याकडे का होत नाही? दिल्लीच्या अक्षांशावरच्या समुद्रकाठी जर बर्फ पडतो, तर दिल्लीला का पडत नाही? आणि आमच्या नागपूरला तरी कधी?

याचे उत्तर मला महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या मित्राने चहाच्या एका कपावर दिले. बर्फ जमिनीपर्यंत बर्फ म्हणूनच यायचा, तर ढगापासून अंगणापर्यंतची हवा गार हवी, आणि त्याच वेळी हवेत ओलही भरपूर हवी. अमेरिकेत उत्तर ध्रुवाकडची थंड हवा निघाली की तिला आखातापर्यंत आडवा येणारा डोंगर नाही. ती सपाट मैदानावरून सरळ खाली घरंगळते आणि आखाताची ओल तिथे तयारच असते. दोघींची गाठ पडली की ताडांवर बर्फ. आपल्याकडे सैबेरियाची हवा येऊ म्हणते तर मध्ये हिमालय उभा. नागपूरला थंडी पडते ती उत्तरेचे कोरडे वारे सुटल्यावर, आभाळ निरभ्र झाल्यावर. म्हणजे थंडी असते तेव्हा ओल नसते, आणि ओल येते तेव्हा थंडी निघून गेलेली असते. एकाच घरात राहून कधी न भेटणाऱ्या, पाळीने नोकरीला जाणाऱ्या नवराबायकोसारखे यांचे आहे.

कोकणाची गोष्ट तर त्याहून पुढची. तिथे ओलीला तोटा नाही, पण थंडी म्हणजे केवळ एक अफवा. मुंबईने बर्फ प्रथम पाहिला तोसुद्धा आकाशातून पडलेला नव्हे. १८३३ साली बोस्टनच्या ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ कापून जहाजाने कलकत्त्याला पाठवला, आणि दुसऱ्या वर्षी तो मुंबईलाही आला. भुशात गुंडाळून, चार महिने समुद्रावरून! आमच्या रसवंतीवरच्या लादीचे कुळ हे असे पार बोस्टनपर्यंत जाऊन पोचते.

महाराष्ट्रात आकाशाच्या कृपेने गोठलेले पाणी पाहायचे तर लोक महाबळेश्वर गाठतात. दर हिवाळ्यात एखाद्या सकाळी तिथल्या वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्याच्या पठारावर दव गोठते, आणि वर्तमानपत्रांत 'हिमकण' या मथळ्याखाली छायाचित्र येते. असे एक छायाचित्र पाहून मीही एकदा कुटुंबासह तिकडे गेलो. पहाटे पाचला उठून, होते नव्हते ते लोकरीचे कपडे चढवून तलावावर हजर झालो, तो आमच्यासारखी पन्नास माणसे आधीच तिथे. धक्क्याच्या फळ्यांवर, झुडपांच्या पानांवर, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत पिठीसाखर भुरभुरावी तसा एक पांढरा थर होता. एक गृहस्थ नखाने तो खरवडून आपल्या नातवाच्या तळहातावर ठेवत होते. ठेवेपर्यंत त्याचे पाणी होई, आणि ते पुन्हा खरवडत. ऊन आले आणि अर्ध्या तासात सारा थर नाहीसा झाला. मला ते दृश्य आवडले, हे कबूल करतो. परंतु ज्याच्या हवाई अंतराच्या दोन हातांवर अरबी समुद्र आहे, त्या सह्याद्रीच्या माथ्यावर, साडेतेराशे मीटर चढून आल्यावर जे मिळते ते एवढेच, चिमूटभर.

खुद्द नागपूरची मजल तर तिथवरही जात नाही. २९ डिसेंबर २०१८ या दिवशी आमच्या शहराचा पारा ३.५ अंशांवर उतरला. १९३७ च्या जानेवारीतला ३.९ अंशांचा विक्रम त्या दिवशी मोडला. आदल्या रात्री मी मुलीच्या आग्रहावरून पितळी ताटात पाणी घालून गच्चीवर ठेवले होते. सकाळी पाहतो तो पाणी पाणीच होते. आभाळ मात्र असे स्वच्छ, की त्यातून काही पडेल ही कल्पनाच हास्यास्पद वाटावी. काटोलकडचे बागाईतदार मात्र त्या रात्री झोपले नाहीत. ओला पालापाचोळा पेटवून बागेत धूर करायचा आणि झाडांना रात्री पाणी द्यायचे, हा थंडीवरचा त्यांचा जुना उपाय. आम्ही गच्चीवर ताट ठेवले, त्यांनी बांधावर शेकोट्या लावल्या, थंडी तीच.

आणि तरीही नागपूरकडे जमीन पांढरी झालेली मी पाहिली आहे. ती हिवाळ्यात नव्हे, उन्हाळ्याच्या तोंडाशी.

२०१४ चा मार्च. फेब्रुवारीच्या अखेरीपासून साऱ्या महाराष्ट्रात अवकाळीने धुमाकूळ घातला होता. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोणीच सुटले नव्हते. आमच्या मामांचे गाव काटोलपासून आत, लाल गाडीने पाऊण तास. शनिवार-रविवार जोडून मी मुलीला घेऊन तिकडे गेलो होतो. ती तेव्हा सात वर्षांची. दुपारी उकडत होते. तीनच्या सुमारास वायव्येकडे आभाळ निळे-काळे झाले, कडांना हिरवट छटा आली, वारा एकदम पडला आणि गुरे हंबरू लागली. मग टिनावर पहिला टोला बसला. एक, दोन, आणि पुढे असा कल्लोळ, की शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. दहा-बारा मिनिटे झाली असतील. थांबले तेव्हा अंगण पांढरे झाले होते. बोरांएवढ्या, मधूनच लिंबाएवढ्या गारांचा चार बोटे थर. समोरची गहू-हरभऱ्याची वावरे पांढरी, गोठ्यापुढची गाडीची वाट पांढरी. त्यावर ढग सरकून तिरपे ऊन पडले. माझ्या तोंडून सहज निघून गेले, "वा! हे तर काश्मीर झाले!"

मुलगी वाटी घेऊन धावली होती. तिने एक मोठी गार आणून दिली. मी ती विळीवर कापून तिला आतले पापुद्रे दाखवले. ढगात खालून जोराचा वारा गारेला वर फेकतो, वर ती गोठते, खाली येते, पुन्हा फेकली जाते, आणि दर खेपेला बर्फाचा एक थर चढतो, कांद्यासारखा. उन्हाने तापलेली जमीन, बंगालच्या उपसागरावरून आलेली ओल आणि वर वायव्येची कोरडी थंड हवा, अशी सामग्री मध्य भारतावर फाल्गुन-चैत्रात जमते. गार ही थंडीची मुलगी नव्हे, उन्हाची आहे. हे सारे शास्त्र मी मुलीला मास्तरकीच्या सवयीने समजावून दिले, आणि मग वाटी हातात देऊन तिचे छायाचित्र काढले.

मामा अंगणात आले होते. डोक्यावर पोत्याची खोळ. मला म्हणाले, "काढ, बापू, फोटो काढ. पंचनाम्याले कामी येईन."

मग मी त्यांच्यामागून बागेत गेलो. संत्र्याला दोन बहार असतात हे शहरातल्या संत्री खाणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. मृगाचा बहार पावसाळ्याच्या आरंभी फुलतो आणि त्याची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतात. आंबिया बहार हिवाळ्याच्या शेवटी फुलतो आणि दिवाळीच्या सुमारास फळ देतो. झाडांना पाण्याचा ताण देऊन कोणता बहार धरायचा ते बागाईतदार ठरवतो. मामांनी अर्ध्या बागेत मृग धरला होता, अर्ध्यात आंबिया. मार्चमधली गारपीट ही अशी हिशेबी असते की एकाच दहा मिनिटांत ती दोन्ही वसूल करते. पिकलेली फळे खाली गारांत पडली होती, पिवळीधमक, पांढऱ्यावर. आणि पलीकडच्या ओळींत वाटाण्याएवढी हिरवी फळे आणि फुलांचा सडा. फांद्यांच्या साली एका बाजूने सोललेल्या. चालताना पायाखाली गारा करकरत होत्या आणि संत्र्याच्या सालीचा घमघमाट सुटला होता. तो वास इतका चांगला होता की मला लाज वाटली.

"एवढ्या गारा मी कधी पाहिल्या नव्हत्या," मी काहीतरी बोलायचे म्हणून बोललो.

मामा वाकून एक फांदी उचलत होते. म्हणाले, "गारा पोरायच्या रायतेत, बापू. आमची ते गारपीट."

पंचवीस वर्षे मी मराठी शिकतो-शिकवतो आहे; शब्दांतला हा फरक मला कोणत्याही कोशाने असा सांगितला नव्हता. विचार करू लागलो तो ध्यानात आले की आकाशातून अलगद उतरणाऱ्या बर्फाला आपल्या भाषेत घरचा शब्दच मला सुचत नाही. हिम संस्कृतातून आले, बर्फ फारसीतून. हिमवृष्टी, बर्फवृष्टी ही सारी छापखान्यातली जुळवाजुळव. आपले स्वतःचे काय, तर गार. आणि गार म्हणजे चकमकीचा दगडही. गारगोटी त्याच घरातली. आमच्या लोकांना गोठलेले पाणी भेटले ते दगड होऊन भेटले. रामटेकच्या टेकडीवर ज्याचा विरह घडला असे आमचे नागपूरचे पंडित मिराशी सांगत, त्या यक्षाचे घर हिमाच्या डोंगरावर होते. तरी कालिदासाने त्याच्या मेघाला वाटेत गारा दिल्या आहेत त्या अंगावर चालून येणाऱ्या शरभांना झोडपायला. गार हे मारण्याचे साधन, हे कवीलाही ठाऊक होते. आमच्या वर्तमानपत्रांना मात्र नाही. गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी 'विदर्भाचे काश्मीर' असा मथळा कोठेतरी येतोच. त्यांना नावे ठेवायला मी मोकळा नाही. तो मथळा मी स्वतःच्या तोंडाने अंगणात उभा राहून दिला होता.

असो. ह्यूस्टनच्या फोनकडे परत येतो. त्या रात्री बहिणीने वीस-पंचवीस छायाचित्रे पाठवली आणि खाली लिहिले, "आता तुमच्या नागपूरचे काय ते दाखव." मला गंमत सुचली. जुन्या छायाचित्रांतून ते वाटीवाले शोधून काढले आणि पाठवण्यासाठी बोट टेकवणार, तो कोपऱ्यात लक्ष गेले. हे छायाचित्र मी आजवर डझनभर वेळा पाहिले असेल. मुलीच्या वाढदिवसाला ते भिंतीवरही लागले होते. कोपऱ्यात मामा उभे आहेत. खोळ डोक्यावर. सगळे मुलीकडे पाहत असताना ते पाठमोरे, बागेकडे पाहत आहेत. त्या क्षणी ते अजून बागेत गेलेले नव्हते. मी ते छायाचित्र पाठवले नाही. रसवंतीचे पाठवले.

तिसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन. या वेळी हसणे नव्हते. तिच्या अंगणात एक संत्र्याचे झाड आहे, सत्सुमा जातीचे. सैल सालीचे, आपल्या संत्र्याच्या गोतातले, म्हणून हौसेने लावलेले. आदल्या हिवाळ्यात पहिली अठरा फळे आली होती आणि त्यांचा आम्हांला मोजून हिशेब मिळाला होता. बर्फाच्या रात्री तिने त्यावर जुन्या साड्या आणि चादरी गुंडाळल्या, तरी पाने उकडल्यासारखी काळपट पडली होती. त्या किनाऱ्याला हे नवे नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत ह्यूस्टनला वीस इंच बर्फ पडला, आणि त्याच हिवाळ्यातल्या दोन कडाक्यांनी फ्लॉरिडाच्या उत्तर भागातल्या संत्र्याच्या बागा पार जाळल्या; लाखो पेट्यांचा माल काढणारे लोक बागा सोडून दक्षिणेला सरकले. पण मला इतिहास सुचत होता आणि तिला झाड वाचवायचे होते. ती म्हणाली, "दादा, तू राहू दे. मामाला विचार."

मामांचे वय आता पंचाहत्तरीपुढे. पाय दुखतात, पण रोज बागेत फेरी असते. २०१४ च्या त्या बागेतली निम्मी झाडे त्यांनी बोर्डोचे फवारे देऊन, मोडलेले कापून, जखमांना मलम लावून उभी केली. बाकीची काढून नवी लावली. सरकारी मदत किती मिळाली ते सांगत नाहीत. आपण विचारले तर नातवाच्या अभ्यासाचा विषय काढतात. मी दोन फोन जोडून दिले.

"आवाज केवढा झाला?" मामांचा पहिला प्रश्न.

"आवाज नाही झाला, मामा. रात्री पडला. सकाळी उठलो तेव्हा कळलं."

मामा काही वेळ बोलले नाहीत. बर्फ पडतो आणि आवाज होत नाही, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हते.

"मंग फांद्या नसतीन मोडल्या."

"नाही. पानं तेवढी काळी पडलीत. वरचे शेंडे वाळताहेत. कापून टाकू का?"

"आत्ता हात लावू नोको. होळी होऊ दे. कुठवर मेलं अन् कुठवर जित्तं हाये, ते झाडच दाखवते."

बहीण थांबली. चैत्रात तिने छायाचित्र पाठवले. बुंध्याच्या आडव्या फांदीपाशी दोन हिरवे फुटवे होते, टाचणीच्या डोक्याहून थोडे मोठे. मी मामांना दाखवायला नेले. त्यांनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. म्हणाले, "इचार तिले, डोळा बांधला हाये त्याच्या वर हायेत का खाली?" आमच्याकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात, फुटवा जोडाच्या खालून आला तर ते संत्रे नव्हे, खुंटच माजला असे समजायचे. मी विचारले. तिने जोडापासून बोटे टेकवून पुन्हा छायाचित्र पाठवले. चार बोटे वर.

"वाचलं," मामा म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. मग काही आठवून पुन्हा मागून घेतला. "तिच्याकडं गारा पडतेत का?"

टेक्सासात गारा पडतात, आणि चांगल्या मोठ्या पडतात. मी तसे सांगितले.

"मंग सांग तिले," मामा म्हणाले, "त्यावर जाळी घाल म्हनावं. आत्ताच घाल."